लाल दिवा फक्त माझ्याच दौऱ्याला

संशय घेण्याचा मला पगार मिळायचा. लातूरच्या एका सरकारी कार्यालयात मी तपासणी अधिकारी होतो. वसतिगृहांची स्वयंपाकघरं बघायची, डाळीत पाणी किती अन् पाण्यात डाळ किती ते ठरवायचं, हे माझं काम. या कामात नाक तयार होतं. निदान माझं झालंय अशी माझी समजूत होती. शिळा भात मी फाटकातूनच ओळखतो, असं मी लोकांना सांगत फिरायचो. लोक माना डोलवायचे. तपासणी अधिकाऱ्याला नाही कोण म्हणणार?

नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्या वाट्याला भाड्याची एक नवीकोरी पांढरी गाडी आली आणि तिच्यासोबत वरून आलेला आदेश: कार्यालयाच्या प्रत्येक नव्या गाडीत दारू ओळखणारं यंत्र हवंच. स्टिअरिंगशेजारी मुठीएवढी काळी डबी, तिला एक नळी. चालकानं नळीत फुंकायचं. हिरवा दिवा लागला तर गाडी चालू होणार. लाल लागला तर पंधरा मिनिटं इंजिन ढिम्म, आणि फुंकणाऱ्याचा फोटो थेट जिल्ह्याच्या साहेबांच्या मोबाइलवर. तीन लाल झाले की चालक यादीतून बाद.

गाडी चालवायचे त्यांना सगळे मामू म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, दाढीला मेंदी, मूळचे उदगीरचे पण तीन पिढ्या लातुरात. यंत्राला त्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, पुंगी. "साब, एवढी उमर गेली न् आता सरकार मला पुंगी वाजवायला लावून राहिलंय," म्हणायचे आणि फुंकायचे. हिरवा. रोज हिरवा.

मामूंचं एकच मला सोसायचं नाही, अत्तर. काचा बंद, एसी चालू, आणि कानामागचा अत्तराचा फाया. चाकूर येईस्तोवर माझं डोकं ठणकायला लागायचं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून ईदला मी त्यांना फवाऱ्याच्या सेंटची बाटली भेट दिली. पुतण्यानं मला दिलेली, मी कधी न उघडलेली. "मामू, अत्तर ठेवा घरी. हे लावत जा, लई भारी आहे." मामूंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. "साबनी दिलं म्हणल्यावर लावायलाच पायजे." माझ्या चातुर्यावर मी खूश.

त्यानंतरचा माझा पहिला दौरा आठवडाभरानं होता, जळकोटचा. सकाळी नऊला मामूंनी फुंकलं आणि लाल दिवा लागला.

मी मामूंकडे बघितलं, मामूंनी पुंगीकडे. "साब, ही बिघडली." त्यांनी खाली उतरून चूळ भरली, तोंड धुतलं, दाढीवरून ओला हात फिरवला. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकलं. हिरवा! माझ्यातला अधिकारी लगेच जागा झाला. यंत्र बिघडलं असेल तर पाणी लावून कसं दुरुस्त होतं? जळकोटपर्यंत मी नुसता वास घेत राहिलो. सेंटचा भपकारा येत होता. मनात म्हटलं, बघ, माझंच सेंट मारून हा माणूस दारूचा वास लपवतोय. मीच त्याला पांघरूण पुरवलं!

देवणीच्या दौऱ्याला पुन्हा तेच झालं. लाल, चूळ, हिरवा. आता दोन झाले.

त्या दिवशी नळेगावजवळ चहाला थांबलो तेव्हा मामू म्हणाले, "साब, गाडी गेली तर दुसरी भेटंल. पण यादीतून दारूमुळं काढलं हे मोहल्ल्यात पोचलं, तर ते मी कशानं पुसू? मशिदीत माझ्या बाजूला उभा राहणारा माणूस काय म्हणंल?"

मी मान डोलावली आणि ते पैसे द्यायला उठल्यावर त्यांच्या थर्मासचं झाकण उघडून हुंगलं. आंबील होती, ज्वारीची, ताकातली. आंबूस वास आला आणि मी जवळजवळ ओरडलोच. मग जिभेवर घेऊन बघितलं. मीठ कमी होतं, एवढाच काय तो गुन्हा सापडला.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयाच्या वाहन शाखेत गेलो. तिथल्या मॅडम रोजच्या दिव्यांची नोंद ठेवायच्या. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"सर, एक गंमत बघा. हे चालक दुसऱ्या साहेबांना घेऊन गेले की हिरवा. लाल फक्त तुमच्याच दौऱ्याला."

"म्हणजे?"

मॅडमनी आवाज खाली आणला. "राग मानू नका सर. तुम्ही दोघं बसता का?"

मी सरळ माणूस. म्हणालो, "दर दौऱ्याला बसतो की. मी पुढंच बसतो, त्यांच्या शेजारी."

मॅडमचं पेन थांबलं. शेजारच्या टेबलावरचा शिपाई खोकल्याचं नाटक करत बाहेर गेला. जिना उतरताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मराठीत बसायला दर वेळी खुर्ची लागतेच असं नाही. परत वर जाऊन खुलासा करावा, तर तो आणखी संशयास्पद दिसणार. म्हणून ठरवलं, मामूंना रंगेहाथ पकडायचं. आता त्यांच्याइतकीच माझीही अब्रू अडकली होती.

पुढचा दौरा ठरला त्या दिवशी मी तासभर आधीच कार्यालयाच्या आवारात पोचलो आणि सायकल स्टँडमागे उभा राहिलो. मामू आले. गाडी पुसली, चाकं बघितली. मग इकडं तिकडं बघून डिकीतून काहीतरी काढलं, मान वर केली आणि ती वस्तू तोंडाजवळ नेली. मी उडी मारूनच बाहेर आलो. "सापडलात!"

बाटली मी हिसकावून घेतली. माझीच होती, ईदची.

"सापडलो कसला साब?" मामूंची दाढी सेंटनं चमकत होती. "तुमीच दिली ना? मला ह्याचा वास लई तिखट लागतो. नाकात मिरची गेल्यावानी होतं. पण तुमी गाडीत बसनार म्हणून तुमच्या दौऱ्याला तेवढं मारतो. न्हाईतर तुमाला वाटंल, एवढ्या मायेनं दिलं न् ह्यानं फेकून दिलं."

मी चष्मा पुसून बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली. पहिलाच शब्द होता अल्कोहोल. दाढीवर तो फवारा, आणि दाढीखाली लगेच पुंगी.

मी शब्द मोठ्यानं वाचला. मला वाटलं मामू हसतील, सुटलो म्हणतील. ते गाडीच्या बॉनेटला टेकले. "ह्याच्यात ती हाय? आमचं अत्तर बिनदारूचं असतं, म्हणून तर आमी ते लावतो साब. आमच्यात कुणी म्हणतं सेंट चालतं, कुणी म्हणतं न्हाई. मी न्हाई म्हणनाऱ्यातला. ह्या दाढीनं मी दुपारी जोहरच्या नमाजला उभा राहिलो."

मी नळावरून तांब्याभर पाणी आणून दिलं. त्यांनी तीनदा तोंड धुतलं.

मग म्हणाले, "आता हे मॅडमला सांगा."

सांगून भागणार नव्हतं. मॅडमना आवारात बोलावलं, त्यांच्यासमोर माझ्या हनुवटीवर दोन फवारे मारले आणि चालकाच्या जागेवर बसून मी नळीत फुंकलं. लाल! डबीतून कॅमेऱ्याचा आवाज आला आणि माझा गाल फुगवलेला फोटो जिल्ह्याला गेला. दोन मिनिटांत साहेबांचा फोन.

"तुम्ही? सकाळी साडेनऊला?"

त्यांना समजावून सांगायला अर्धा तास गेला. शेवटी ते म्हणाले, लेखी द्या, चालकाच्या दोन्ही नोंदी काढू. तिसरी मात्र तुमच्या नावावर राहील, यंत्रात ज्याचा फोटो त्याची नोंद. मी तिथंच मॅडमच्या टेबलावर लिहिलं: 'सदर चालकाविरुद्धच्या नोंदी अधोस्वाक्षरीकार यांनी दिलेल्या सुगंधी द्रव्यामुळे उद्भवल्या असून…'

मामू खांद्यावरून वाचत होते. "साब, हे अधोस्वाक्षरीकार कोन?"

"मीच."

"मग मी असं लिवा की. न् सुगंधी द्रव्य म्हणजे?"

"सेंट."

"साब, हा कागद मी मोहल्ल्यात दाखवनार हाय. ह्यातून कुनाला कळंल का, की मी पिलो न्हाई? तुमचं सरकारी मराठी लई बेरकी असतं. पुढं कुनी दुसराच अर्थ काढला तर?"

मॅडम हसल्या. मामू हसले नाहीत. माझ्या कागदावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि इतके दिवस मी त्यांच्या थर्मासवरसुद्धा ठेवला नव्हता, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करणार? मी नवा कागद घेतला. 'मामू दारू प्यायले नव्हते. सेंट मी दिलं होतं. त्यात दारू आहे हे मी वाचलं नाही. चूक माझी आहे.' खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा.

मामूंनी दोनदा वाचला. मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मला मोठ्यानं वाचायला लावला. मॅडमकडून शिक्का मारून घेतला, साहेबांना पाठवायला त्यांना फोटो काढू दिला आणि कागद घडी न घालता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला.

"आज दौरा उद्यावर टाका साब," ते म्हणाले. "मी आधी हे घरी दाखवून येतो."