ऐकण्याची काटकसर

काकूला वाया गेलेली वस्तू पाहवत नसे आणि काकांना वाया जाऊ शकेल अशी. दोघांच्या संसाराचा मेळ या बारीक फरकावर बसलेला होता. काकू घरी कपडे शिवी, आणि शिवण्यापेक्षा अधिक दुरुस्त करी. शर्टाची कॉलर विरली की ती उसवून, उलटवून पुन्हा बसवी. शर्टाला आणखी दोन वर्षांचे आयुष्य मिळे. काका छापखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी कापून उरलेल्या कागदाच्या इतक्या पट्ट्या घरी आणल्या, की पुढची बारा वर्षे त्या घरात निरोप आणि याद्या बोटभर रुंदीच्या कागदावरच लिहिल्या गेल्या. स्वयंपाकाला उकळी फुटली की गॅस बंद होई, पातेले जुन्या रजईत गुंडाळले जाई आणि उरलेले काम आतली वाफ फुकटात करी. नातेवाईक या घराला ‘बचत खाते’ म्हणत. काकूला ते ठाऊक होते. तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

छापखान्याच्या खडखडाटाने काकांचे कान मात्र हळूहळू नेले. आधी दारावरची टकटक गेली, मग रस्त्याचा आवाज गेला, शेवटी काकूचाही. ओरडून बोलले तर त्यांना कळे. पण ओरडण्याजोगे माणसाजवळ दिवसाकाठी असते किती? ‘जेवायला चला’, ‘गोळी घेतलीत का’, एवढेच शिल्लक राहिले. एखाद्या गिऱ्हाइकाने एकच बाही आखूड करून मागितली, ही गंमत ओरडून सांगितली तर ती गंमत उरत नाही. आणि चाळीस वर्षे संध्याकाळी शिलाई मशीनवर पाय हलवत काकूने काकांना जे सांगितले, ते सगळे याच जातीचे होते. तिला ते परत हवे होते.

म्हणून दोन वर्षे घरखर्चाला कात्री लावून तिने कानाचे मशीन घेतले. पहिल्या संध्याकाळी काकांना गळका नळ ऐकू आला. ते तडक उठले आणि त्यांनी नळाचा वॉशर बदलला. पण नव्याचे नऊ दिवस सरले आणि मशीन डबीत गेले. काकांचे म्हणणे असे, की बॅटरी महाग, ऊठसूट लावायची नाही. डॉक्टरांकडे, बँकेत किंवा पाहुणे आले तरच ते मशीन लावत. काम झाले की इवलीशी बॅटरी काढून, तिच्यावरचा जपून ठेवलेला रंगीत स्टिकर पुन्हा चिकटवत, म्हणजे ती उतरणार नाही.

एकदा काकूने कानाकडे बोट दाखवले. काकांनी मशीन लावले आणि विचारले, “काही महत्त्वाचं आहे का?”

“नाही. असंच.”

“मग राहू दे की. महत्त्वाचं असलं की सांग, लावतो.”

काकू दोन दिवस अवाक्षर बोलली नाही. काकांना ते कळलेही नाही, आणि हेच तिला अधिक लागले. मला तिने एवढेच सांगितले, की घरातली चिंधीसुद्धा आम्ही टाकत नाही, माझं बोलणं तेवढं टाकाऊ.

तिसऱ्या दिवशी ती शिवणाचे पैसे घेऊन दुकानात गेली. डझनभर बॅटऱ्या समोर ठेवल्या की सबबच उरणार नाही, असा तिचा हिशेब. बोलता बोलता तिने काउंटरवरच्या मुलीला स्टिकरची युक्ती सांगितली. मुलगी हसू आवरत म्हणाली, “त्यानं काही होत नाही, आजी. एकदा हवा लागली की ती उतरतच जाते. कानात ठेवा नाहीतर डबीत.”

काकूने बॅटऱ्यांचे एकच पाकीट घेतले, बाकीचे पैसे पुन्हा पर्समध्ये ठेवले आणि ती घरी परतली.

“अहो, महत्त्वाचं आहे,” असे तिने खुणेने सांगितल्यावर काकांनी तत्परतेने मशीन लावले. मुलीचे म्हणणे ऐकून हा दुकानदाराचा माल खपवायचा डाव आहे, असे त्यांनी ठरवले. मग काकूने पाकीट पुढे केले. काकांनी भिंग आणून त्यामागची बारीक अक्षरे दोनदा वाचली. माणसाचा एक वेळ त्यांना संशय येई, छापील अक्षराचा कधीच नाही.

“म्हणजे इतके महिने...”

“डबी ऐकत होती,” काकू म्हणाली. “मोरीला बोळा अन् दरवाजा मोकळा.”

काकांनी बोटांवर महिने मोजले. नुकसान केवढे झाले, याचा त्यांचा अंदाज बॅटरीपासून सुरू झाला होता. तो तिथेच थांबला असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतल्याबरोबर त्यांनी मशीन कानात अडकवले. दुपारी काकू सुईत दोरा ओवत गप्प होती. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली, खुर्ची शिलाई मशीनजवळ ओढली आणि म्हणाले, “अगं, बोल की काहीतरी. उतरतेय ती.”

“काय बोलू? सगळं फुटकळच आहे.”

“तेच बोल.”

काकूने दाताने दोरा तोडला आणि दूधवाल्याच्या नव्या कवळीपासून सुरुवात केली.