दिगूचा डावा हात

दिगूच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी मदन महाल भागातल्या आमच्या नेहमीच्या मैदानात एकटाच उभा होतो. त्या नागपूरहून बोलत होत्या. "भाऊजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या आणि फोन बंद झाला. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार दिगंबरचा, माझ्या दिगूचा, आला नाही, माझा स्वतःचा आला. दिगूच्या डाव्या हातात काहीतरी होतंय, हे सगळ्या जगात आधी मला कळलं होतं. त्याच्या बायकोच्या आधी, डॉक्टरांच्या आधी, कदाचित त्याच्याही आधी. आणि मी त्याला शाबासकी दिली होती.

ते कसं, हे सांगायलाच हवं. बारा वर्षांपूर्वी एक बंगाली सर या मैदानात ताई-ची, म्हणजे सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम, शिकवायचे. मी शाळेत गणिताचा मास्तर, दिगू फॅक्टरीत फिटर. माझे गुडघे आणि त्याचं ब्लडप्रेशर, या दोन कारणांनी आम्हा दोघांना आमच्या बायकांनी तिथे पिटाळलं होतं. पुढे सर कोलकात्याला परत गेले, वर्ग पांगला, आम्ही दोघेच उरलो. त्यातला पुश हँड्स नावाचा भाग आम्हाला मनापासून आवडायचा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि हात गोल फिरवत एकमेकांचा तोल काढायचा. जोराला जोर लावायचा नाही. समोरचा ढकलतो तेव्हा आपण रिकामं व्हायचं, म्हणजे त्याचा जोर त्यालाच पाडतो. सर म्हणायचे, "हाथ से सुनो." येणारे-जाणारे हसायचे. "क्यों अंकल, सुबह-सुबह धक्कामुक्की?" असं एकदा एका दूधवाल्यानं विचारलं, तर दिगूनं त्याला तिथल्या तिथे मनगट पुढे करायला लावलं होतं.

दिगूला मात्र रिकामं होणं कधी जमलं नाही. उजवा हात जरा तरी ऐकायचा, डावा म्हणजे गंजलेला हँडपंप. मी रोज ओरडायचो, "अबे, खांदा सोड! काहून जोर लावून राहिला?" तो म्हणायचा, "सोडूनच तर राहिलो बे, मास्तर... तूच पकडून राहिला." यावर आमचं दहा-अकरा वर्षं भांडण चाललं, आणि मला ते फार प्रिय होतं, कारण त्यात मी नेहमी जिंकायचो.

मग गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी तो डावा हात सुटला. मी ढकललं आणि पुढे काही लागलंच नाही. हात नुसता मागे गेला, मी तोंडघशी पडता पडता वाचलो. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला आधी हेवा वाटला, तो लपवायला मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "दिगू, साधलं तुला! सरांना दाखवायला पाहिजे होतं." त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्या दिवशी जिलेबी त्यानंच खाऊ घातली.

त्यानंतरचे महिने मी आता एकेक करून आठवतो, आणि आठवू नये असं वाटतं. डाव्या पायातली चप्पल त्याच्या नकळत मागे राहायची. कपातला चहा सांडायचा. सकाळी डोकं जड असतं म्हणायचा, मी म्हणायचो थंडी आहे. एकदा मी मनगट जेमतेम टेकवलं आणि तो डाव्या अंगावर कोसळला, तिथेच बसून हसत राहिला. मीही हसलो. "जास्तच रिकामा झालास," असं मी म्हणालो... हेच शब्द. हातानं ऐकायला मी बारा वर्षं शिकलो होतो आणि ऐकूही येत होतं. पण मला जे हवं होतं तेच मी ऐकलं.

एप्रिलमध्ये बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात त्याला फिट आली. मेंदूत गाठ निघाली. नागपूरला नेलं, मीही बरोबर गेलो. डॉक्टरांनी विचारलं, हात कधीपासून कमजोर आहे? वहिनी म्हणाल्या, महिनाभर असेल. मी म्हणालो, "नाही, भाऊबीजेनंतरच्या सोमवारपासून." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. "इतकं नक्की माहीत होतं, तर तेव्हाच का नाही आणलं?"  ऑपरेशननंतर दिगू पाच आठवडे जगला, बहुतेक झोपेतच.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि मला परसाच्या दारापाशी नेलं. दिगू रोज आंघोळीआधी अंगाला तेल लावून त्या दारावर डावं मनगट टेकवून सराव करायचा, हे त्यांनी सांगेपर्यंत मला माहीतच नव्हतं. पांढऱ्या रंगावर तेलाचे काळपट डाग होते. सर्वांत जुना छातीच्या उंचीवर, पुढचा त्याच्या खाली, मग आणखी खाली... शेवटचा माझ्या मांडीपाशी. "हे असे खाली काहून येत गेले, भाऊजी?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला तर समजत असेल."

मी सगळं सांगून टाकलं. हात सुटला तो दिवस, हेवा, शाबासकी, जिलेबी. 

"मी म्हणून राहिले होते, डॉक्टरला दाखवून या," त्या म्हणाल्या. "तर हसायचे. म्हणे, मास्तर म्हणतो असाच सुटलेला हात पाहिजे होता. फार खूश होते हो... तितके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं."

मला वाटलं, त्या मला माफ करताहेत. मी काहीतरी बोलू लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

"मला त्यांची खुशी नको होती, भाऊजी. मला ते पाहिजे होते."

मी दार रंगवून देतो म्हणालो. त्या नको म्हणाल्या. ते दार अजून तसंच आहे, आणि मी गेलो की वहिनी माझी खुर्ची त्याच्यासमोर मांडतात.