ताराचंदने तोडलेली वायर

ताराचंद, तुझ्यावर चार पानं लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला तुझा राग आला. इतक्या वर्षांनीही येतो. येऊ दे. राग आला की मला नीट आठवतं.

चौऱ्याऐंशीचा मे महिना. दत्तोपंतांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, डावी बाजू लुळी पडून तीन महिने झाले होते. ते डावखुरे. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर त्याच हाताने धरणांचे नकाशे काढलेले. डॉक्टर म्हणाले होते, हात यायचा असेल तर पहिल्या सहा महिन्यांत येईल. दाबायला रबरी चेंडू दिला, तो यांनी उजव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. तेव्हा माझ्या बहिणीने, सुमतीने, लंडनहून टीव्हीवर खेळायचा खेळ पाठवला. पडद्यावर दोन फळ्या, मध्ये एक चेंडू, हातात फिरवायची गुंडी. तिकडे तिच्या शेजाऱ्याचा हात म्हणे असाच सुटला.

आमच्या टीव्हीवर मात्र चित्रच येईना, म्हणून नागपूरच्या महाल भागातून तुला बोलावलं. तू विणकराच्या घरातला. वडील श्रावणजी अजून मागावर बसत. तू टपालाने रेडिओ शिकून दुकान टाकलेलं. अवजारं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून आणायचास. तुटलेली वायर चिमटीत धरून, न बघता पीळ द्यायचास, घरचे सूत जोडतात तसा.

"बाई, ह्या लंडनच्या डब्याचा चॅनेल आपल्या टीव्हीत नाहीच आहे," तू म्हणालास. "मधात एक डबी लावतो. अँटेनाच्या भोकातून चित्र येईल."

आलं. पण नुसते पांढरे ठिपके. दत्तोपंतांची नजर आधीच अधू, त्यात चेंडूही पांढरा.

"मला काही दिसत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी गुंडी सोडून दिली.

"दुसरा रस्ता नाही का?" मी विचारलं.

"आहे. टीव्ही खोलून सरळ आत वायर जोडतो. चित्र आरशासारखं येते. पण..."

"पण काय? जोड ना!"

तू जोडलीस. चित्र खरंच काचेसारखं स्वच्छ. दत्तोपंतांनी गुंडीवर बोटं ठेवली आणि अंगठा हलला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले, आणि तू बाहेर काय समजावत होतास ते अर्धंच ऐकलं. टीव्हीच्या दोन पिनांच्या प्लगवर तू लाल टिकली लावली होतीस. टिकली नेहमी वरच्या बाजूला, एवढं ध्यानात राहिलं.

दोन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी वीज गेली, परत आली, कूलर दुसऱ्या खोलीतून या खोलीत आणला, प्लग उपसले, खुपसले. टिकली कुठे गेली, मी पाहिलंही नाही. त्यानंतर खेळाच्या डब्याच्या पुढच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिणी येई. पण नागपुरात मे महिन्यात कशाला झिणझिणी येत नाही? ओला कूलर, ओली फरशी. सगळं शहर उन्हाळाभर हात झटकत जगतं. मी बी.एस्सी. झालेली, मुलींना वीस वर्षं विज्ञान शिकवलेली. मीही म्हटलं, कूलरचं आहे. हा खेळ तर सेलवर चालतो, त्यात कसला करंट! दत्तोपंतांची तक्रार नव्हती. त्यांच्या त्या हाताला काही कळतच नव्हतं.

पाचव्या दिवशी तू सहज बघायला आलास. दाराशी चपला काढल्यास, ओल्या फरशीवर मांडी घालून बसलास, म्हणालास, "चला काकाजी, एक डाव." आणि पत्र्याला हात लावताच मागे उडालास.

आधी भिंतीवरचं बटण बंद केलंस, मग कातरीने वायर तोडलीस. एकाच घावात.

"अरे, काय केलंस! आत्ता कुठे अंगठा हलायला लागला होता!"

"बाई, टीव्हीच्या अंगातच लाईन आहे, जिवंत वीज. प्लग उलटा झाला की ती ह्या पत्र्यात येते. काकाजीच्या पायाखाली लाकडाचा पाट होता म्हणून वाचले."

"मग मी सुलटा लावते. चूक माझी होती."

"तुमची नाही, माझी. जो जोड टिकलीच्या भरोशावर राहते, तो मी काहून जोडला?"

मी चिडले. तुला घाबरट म्हणाले, आणखीही काही म्हणाले. तू ऐकून घेतलंस, पण वायर जोडली नाहीस. मध्ये ती लाईन अलग करणारा ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय ती जोडणारच नाही म्हणालास. महालात तुझा चुलतभाऊ आनंदराव जळालेल्या पंपांच्या मोटारींत तांब्याची तार भरायचा. त्याच्याकडून भरून घ्यायला आठ दिवस. आठ दिवस! मी कॅलेंडरवर खुणा करत होते.

तोवर पुन्हा ती डबी, पुन्हा ठिपके. दत्तोपंत गुंडीला हात लावेनात. तेव्हा तू त्यांच्या शेजारी बसून ओरडायला लागलास.

"वर, काकाजी, वर! अजून वर! आता खाली! अगा, गेला ना!"

"तू उशिरा सांगतोस," हे म्हणाले.

"मी नाही, तुमचा अंगठा झोपून राहिला!"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून तू पुन्हा आलास. तिसऱ्या दिवशीही. चित्र न दिसता, तुझ्या हाकेवर अंगठा फिरे, मग तर्जनीही फिरू लागली. मी दाराशी उभी राहून तुम्हा दोघांची भांडणं ऐकायची आणि घड्याळ पाहायची.

नवव्या दिवशी तू म्हणालास, "ट्रान्सफॉर्मर झाला बाई. वजनदार आहे, सायकलवर नाही येत. रिक्षा करून घेऊन जाल का?"

"उद्याच जाते," मी म्हणाले. सकाळी पिशवी घेऊन निघाले, तेवढ्यात दत्तोपंतांनी विचारलं, "ते आणलं की ताराचंद यायचा नाही ना?"

मी पिशवी खुंटीला परत अडकवली. संध्याकाळी तू विचारलंस, मी म्हटलं, ऊन फार होतं. दोन दिवसांनी विचारलंस, मी म्हटलं, रिक्षा मिळाली नाही. मग एकदा मीच विचारलं, "तूच का आणत नाहीस रे?" तू गुंडीची वायर सरळ करत म्हणालास, "आणतो ना बाई. रविवारी आणतो." त्या दिवशी सोमवार होता.