विनूकाकांची नाचणीची बिअर

विनूकाका बिअर करायला घेत तेव्हा आधी स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडत. मग डोळे मिटून एकेका डब्यात हात घालत आणि ज्वारी, नाचणी, जव, जे असेल ते बोटांतून सांडू देत उभे राहत. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात त्यांचं घर माझ्या घराला लागूनच. मी पहिल्यांदा विरजण मागायला गेलो तेव्हा ते असेच उभे होते. मला वाटलं, डब्यात काहीतरी पडलंय यांचं. "रेसिपी शोधून राहिलो बाप्पा," ते डोळे न उघडता म्हणाले. "बोलू नको."

माणूस नागपूरचा, अर्धं आयुष्य मिनेसोटात काढलेला. दुकानातून तयार माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेलं धान्य, आणणं त्यांना कमीपणाचं वाटे. "घरात आहे त्याचीच बिअर. नाहीतर ती दुकानदाराची झाली ना!" त्यामुळे चव दरवेळी निराळी. एकदा उरलेले पोहे घातले होते. ती बिअर आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता संपवली. गराजमध्ये मोठ्या बरणीत मिश्रण फसफसत असायचं, बाहेर बर्फ पडत असायचा आणि आम्ही खुर्च्या टाकून ते बुडबुडे ऐकत बसायचो. दुपारची संध्याकाळ कधी झाली, कळायचं नाही. फार सुखाचे शनिवार होते ते.

एक विषय मात्र आम्ही काढत नसू. त्यांची मुलगी रुही मेडिकल सोडून फर्निचर बनवायला डुलुथला गेली, तेव्हा काका तिला म्हणाले होते, "मग आम्ही इथे कशाला आलो?" त्यानंतर दोन वर्षं ती घरी आली नव्हती.

आणि एक दिवस तिचा फोन आला. पुढच्या महिन्यात येते, म्हणाली. काकांनी लगेच नाचणी भिजत घातली. "सॉरी म्हणणं मला जमत नाही रे," ते मला म्हणाले. "तिच्यापुढे माझ्या हातचा ग्लास ठेवीन. समजली तर समजली."

नाचणीला सुरेख मोड आले. ती सुकली तशी काकांनी कढई चढवली आणि भाजायला घेतली. घरभर खमंग वास सुटला. काकू आतून आल्या. "अहो, बाळाचं सत्त्व करताय का?"

काकांचा हात थांबला. बिअरच्या धान्याला अशी खरपूस आच दाखवायची नसते. मोडांमुळे आलेली सगळी करामत मरते, पुढे गोडवा उतरत नाही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पण रुही तान्ही असताना काकूंना हॉस्पिटलात रात्रपाळी असे आणि तिचं नाचणीचं सत्त्व काकाच करत. हात आपल्या मनाने तिकडेच गेले. पुन्हा मोड आणून बिअर मुरवायला आता वेळ नव्हता. त्यांनी त्या गोडव्याच्या जागी गूळ घातला. "पोरीपुढे काय ठेवू आता?" म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

रुही आली त्या दिवशी त्यांनी मलाही बोलावलं. एकट्याला धीर होत नव्हता. बिअर पातळ, तपकिरी, फेस नावाला. रुहीने एक घोट घेतला. मग ग्लास नाकाशी धरून बराच वेळ बसली.

"बाबा, व्हॉट इज धिस?"

"बिघडली बेटा. राहू दे."

"नो, वेट. आय नो धिस." तिने ग्लास सोडला नाही. "कुठून माहितीये मला हे?"

काका उठून खिडकीशी गेले. काकूंनीच तिला सगळं सांगितलं. रुही त्या रात्री राहिली, आणि पुढे दर महिन्याला येत राहिली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच. मला त्यांची फार आठवण येते. परवा रुहीचा फोन आला. ती मलाही काकाच म्हणते.

"काका, बाबांची बिअर ट्राय केली यार. सगळं परफेक्ट केलं, एकदम गोल्डन झालीये. पण ती नाहीये ही."

"नाचणी खरपूस भाजलीस का?"

"नाही! ते राँग आहे ना?"

"राँगच आहे," मी म्हटलं. "तसंच कर."