नगरभवनाचा उरलेला रंग

ज्याच्या हाताखालून गावातली एकूण एक भिंत गेली, त्या माणसाचे स्वतःचे घर मात्र कधी एका रंगाचे झाले नाही. पुढच्या खोलीला बसस्थानकाचा निळा, निजायच्या खोलीला दवाखान्याचा हिरवा, न्हाणीला मुलींच्या शाळेचा गुलाबी, आणि स्वयंपाकघरातल्या एका भिंतीला नगरभवनाचा फिकट पिवळा. मोठे काम संपले की बादलीत रंग उरत असे. रंगारी विचारायचा, "थोडा उरलाय, नेऊ का?" मालक म्हणायचा, "ने की, आम्ही काय त्याने आंघोळ करायची?" आणि तो रंग घरी यायचा.

"बादलीला बरकत आहे माझ्या," असे म्हणून रंगारी वर पाही आणि दोन्ही हात जोडी.

"असेल की," बायको म्हणे. "पण देणाऱ्याला म्हणावं, एकदा तरी दोन खोल्यांना पुरेल एवढा एकच रंग दे."

पन्नास वर्षे असेच चालले. कामाला निघताना नमस्कार, शिडीवर चढताना नमस्कार, उतरल्यावर नमस्कार. ब्रश धरलेला हात आपला, तो चालवणारा दुसरा, अशी त्याची साधी, सरळ, नितळ श्रद्धा. मग एके दिवशी गुडघ्यांनी नकार दिला. शिडी भावाच्या जावयाकडे गेली, ब्रश डब्यात गेले, आणि रंगारी खिडकीशी खुर्ची टाकून बसला. दोन वर्षे बसला. समोरच्या घराचे पोपडे मोजी, पुन्हा मोजी, आणि कालच्यापेक्षा एक जास्त निघाला की बायकोला हाक मारी.

"अहो, पोपडे मोजून भाकरी पचत नाही," बायको म्हणाली. "बाहेर पडा जरा."

त्याला बाहेर काढले ते ग्रंथपालबाईंनी. वाचनालयातर्फे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी गणिताची फेरी निघे. गावातल्या सहा ठिकाणी पायी जायचे, प्रत्येक ठिकाणी एक गणित सोडवायचे. फेरी नेणारे मास्तर मुलाकडे दूरगावी राहायला गेले. ग्रंथपालबाईंनी विचार केला, गावाची मापे आणखी कोणाला ठाऊक असतील? आणि त्या थेट त्या खुर्चीपाशी आल्या.

"मी चौथी पास," रंगारी म्हणाला.

"भिंत कितवी पास असते?" ग्रंथपालबाई म्हणाल्या.

त्याने फेरी हाती घेतली आणि तिचे रूपच पालटले. घड्याळाच्या मनोऱ्याशी तो लोकांना काठीच्या सावलीवरून उंची काढायला लावी, आणि सगळ्यांची उत्तरे आली की म्हणे, "आता ऐका. मी वरून दोर सोडला होता. एकवीस मीटर." पाण्याच्या गोल टाकीशी तो विचारी, "आरपार सात पावलं असेल, तर भोवती किती?" कोणी चौदा म्हणे, कोणी वीस. "बावीस. तिपटीवर एक पाऊल जास्त. ते एक पाऊल विसरलो म्हणून मला एकदा टाकीवरून उतरून नवा डबा आणावा लागला. तेव्हापासून विसरलो नाही." मास्तरांच्या वेळी चारपाच माणसे येत, आता दहाबारा येऊ लागली. रंगाऱ्याचे गुडघे दुखत, पण रविवारी दुखले तरी तो ते बोलून दाखवत नसे.

तेवढ्यात वाचनालयाच्या समितीने ठरवले की दहाबारा माणसांसाठी हा खटाटोप परवडणारा नाही. शाळेने आपले वर्ग पाठवले तर फेरी चालू ठेवू, नाहीतर या महिन्याची फेरी शेवटची. शाळेने उत्तर दिले की आमच्या गणिताच्या बाई येतील, पाहतील, आणि योग्य वाटले तर कागदावर सही करतील. सही झाली तर फेरी चालू. नाही झाली तर खिडकी, खुर्ची आणि समोरचे पोपडे.

गणिताच्या बाई आल्या. वयाने तिशीच्या, बोलणे मोजके, हातात वही. मनोऱ्यापाशी त्यांनी मान हलवली, टाकीपाशी किंचित हसल्या. चौथे ठिकाण नगरभवन. जाड दगडी भिंत, वर सहा आणि खाली सहा अशा बारा बुटक्या खिडक्या, मध्ये मोठा दरवाजा. रंगाऱ्याने नेहमीचा प्रश्न टाकला, "दर्शनी भिंत अठरा मीटर लांब, नऊ मीटर उंच. रंग किती चौरस मीटरचा आणायचा?"

"एकशे बासष्ट," लोक म्हणाले.

"बरोबर," रंगारी म्हणाला.

"चूक," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यांनी टेप मागून घेतली, एक खिडकी मोजली, दरवाजा मोजला आणि वहीत आकडे मांडले. "खिडकी साठ सेंटिमीटर बाय ऐंशी, अशा बारा. दरवाजा तीन मीटर बाय चार. तिथे भिंतच नाही, तर रंग कशाला लावायचा? हे सगळं वजा केलं की साधारण एकशे चव्वेचाळीस उरतात."

"आमच्यात भोक वजा करत नाहीत, बाई."

"का?"

पन्नास वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि त्यानेही वडिलांना विचारला नव्हता. वडील रंगारी, त्यांनी सांगितले, याने ऐकले. "करत नाहीत," तो पुन्हा म्हणाला.

"काका, कारण नसलेला नियम म्हणजे गणित नव्हे," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यात कुचेष्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त लागले. मागून कोणीतरी म्हणाले, "काकांनी गावाला चांगलाच रंग लावला की!" आणि हशा पिकला.

रंगारी खालच्या खिडकीपाशी गेला. त्याने हात आत घातला, आणि तो हात आपोआप फिरला. वर, डावीकडे, खाली, उजवीकडे. डोके विसरले होते, पण हात विसरला नव्हता. तो थांबला. हात तसाच आत ठेवून म्हणाला, "बाई, टेप इकडे धरा. भिंतीची जाडी मोजा. चौकटीपर्यंत."

"वीस सेंटिमीटर."

"या आतल्या चारी कडांना रंग लागतो की नाही? त्यांची बेरीज करा."

बाईंनी आकडेमोड केली. मग तीच पुन्हा एकदा केली. "खिडकीचं भोक शून्य पूर्णांक अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या, "आणि आतल्या कडा शून्य पूर्णांक छप्पन्न. कडांनाच जास्त रंग लागतो! वजा करायचं सोडा, खिडकीमागे आठ शतांश वाढवायला हवेत."

"म्हणून भोक वजा करत नाहीत!" ग्रंथपालबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की पायरीवरची कबुतरे उडाली. मघा हसलेल्यांनीच टाळ्या वाजवल्या. गणिताच्या बाईंनी कागद काढला, वहीवर ठेवला आणि पेनाचे टोपण उघडले.

सगळे पदरात पडले होते. गप्प राहायचे, एवढेच बाकी होते.

पण रंगाऱ्याची नजर दरवाजावर गेली होती. तीन मीटर रुंद, चार मीटर उंच. हा दरवाजाही त्याने कधी वजा केला नव्हता. वडिलांची सारी हयात लहान घरांत गेली, लहान खिडक्यांत गेली. एवढा दरवाजा त्यांच्या ब्रशापुढे कधी आलाच नाही. त्यांचा नियम त्यांच्या भिंतींपुरता खरा होता. आणि आपण तो दवाखान्याला लावला, बसस्थानकाला लावला, इथेही लावला.

"बाई, सही करू नका," तो म्हणाला. "दरवाजाच्या कडा मोजायच्या राहिल्यात."

"काका, पुरे आता," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या.

"पुरे कसं? अर्धी भिंत रंगवून शिडी काढतात का कुठे?"

दरवाजाला दोन बाजू आणि वरची एक, खाली उंबरा. कडांची बेरीज दोन पूर्णांक दोन. भोक बारा. बाईंनी खिडक्यांची वाढ धरली, दरवाजाची घट धरली आणि उत्तर वाचून दाखवले. "एकशे त्रेपन्नच्या जरा वर. काका, तुमचे एकशे बासष्टही चूक, आणि माझे एकशे चव्वेचाळीसही. खरं उत्तर दोघांच्या जवळजवळ मधोमध." मग त्यांनी पेनाचे मागचे टोक हनुवटीला लावले. "म्हणजे तुम्ही आठ पूर्णांक चौऱ्याऐंशी चौरस मीटरचा रंग जास्त आणला होतात. तो गेला कुठे?"

रंगाऱ्याच्या डोळ्यांपुढून एकामागून एक खोल्या गेल्या. निळी, हिरवी, गुलाबी. बसस्थानकाला केवढे दरवाजे! दवाखान्याला केवढे! ज्या ज्या बादलीपुढे त्याने हात जोडले होते, तिच्या तळाशी एकेक दरवाजा होता.

"माझ्या घरी," तो म्हणाला. "स्वयंपाकघरात."

"लांब आहे?" बाईंनी विचारले.

"मागच्याच गल्लीत."

बायको भाजी चिरत बसली होती. दारात नवरा, त्याच्यामागे टेप घेतलेली तरुण बाई आणि तिच्यामागे गल्लीपर्यंत माणसे, हे पाहून ती विळीवरून उठली. "अगं बाई! काय झालं? पडलात का कुठे?"

"पडलो नाही. भिंत मोजायची आहे."

"आज? आणि त्याला एवढी माणसं? लग्नाला यापेक्षा कमी आली होती."

पिवळ्या भिंतीसमोरची पिठाची कोठी दोघांनी सरकवली. लांबी तीन पूर्णांक दोन, उंची दोन पूर्णांक सहा. आठ पूर्णांक बत्तीस.

"अर्ध्या चौरस मीटरहून जास्त कमी पडतंय," बाई म्हणाल्या.

"तुम्ही कोनाडा कुठे धरलात?" बायको म्हणाली. तिने चहासाखरेचे डबे भराभर बाहेर काढले. "आतून यांनीच रंगवलाय, ओणवं होऊन. मी दिवा धरून उभी होते, हात दुखून आला होता." कोनाडा पंचेचाळीस सेंटिमीटर चौरस, वीस सेंटिमीटर खोल. कडा छत्तीस शतांश.

"आठ पूर्णांक अडुसष्ट. सोळा शतांश राहिले," बाई म्हणाल्या. "एवढं चालतं. रंगाचा हिशेब काही शतांशापर्यंत जुळत नसतो."

"जुळेल की. थांबा." बायको आत गेली आणि एक जुना सदरा घेऊन आली. पाठीवर हातभर फिकट पिवळा पट्टा, कडक, वाळलेला. "ओल्या भिंतीला टेकून उभे राहिले. अकरा वर्षं झाली, फरशी पुसायलासुद्धा घेता येत नाही."

बाईंनी गंभीर चेहऱ्याने पट्ट्याला टेप लावली. लांबी रुंदी मोजली, वहीत लिहिली आणि कोणाला काही सांगितले नाही. मग कागद कोनाड्याच्या तळावर ठेवला आणि सही केली.

"बरकत गेली म्हणायची आता," रंगारी भिंतीकडे पाहत म्हणाला.

"कुठे गेली?" बायको डबे परत लावत म्हणाली. "भिंत आहे तिथेच आहे. आणि कोठी सरकवायला कोणी थांबणार आहे का, की सगळे मोजायलाच आलात?"

चार माणसे पुढे झाली. रंगाऱ्याने सवयीने दोन्ही हात जोडले. भिंतीला की आणखी कोणाला, ते त्याने कधीच सांगितले नाही.

पुढच्या महिन्यापासून फेरीच्या पत्रकात सातवे ठिकाण छापले जाऊ लागले: रंगाऱ्याचे स्वयंपाकघर. त्याखाली बायकोच्या सांगण्यावरून एक ओळ आहे. एका वेळी दहा जणांनीच आत यावे, आणि डबे होते तसे परत लावावेत.