मॉरिसच्या झाकणावरचा शेंदूर

काशीराम घाडींबद्दल मी लिहावं, इतकी काही माझी त्यांची ओळख नव्हती. तीन-साडेतीन वर्षांत आम्ही भेटलो ते बहुतेक वेळा गाडीचं बॉनेट उघडून, आणि बोललो ते गाडीबद्दलच. त्यांचं गाव मालवणच्या बाजूला होतं. गावाचं नाव मी एकदा विचारलं होतं आणि विसरलो. त्यांना मुलं किती, हे ते गेल्यानंतर कळलं. पत्रांखेरीज मी कधी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे नीट जमेल असं वाटत नाही. पण त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती अजून मनातून जात नाही.

माझे वडील मुलुंडला डॉक्टर होते. व्हिजिटला जायला त्यांनी चोपन्न साली काळी मॉरिस घेतली होती. ते वारल्यावर ती माझ्याकडे आली. मी कचेरीतला कारकून. गाडी बाळगायची ऐपत नव्हती आणि विकायचा धीर होत नव्हता. रविवारी ती बाहेर काढायची, फार तर घाटकोपरला बायकोच्या, नलिनीच्या, माहेरापर्यंत न्यायची, परत आणून कंपाउंडमध्ये उभी करायची.

मुलुंडमध्येच, आग्रा रोडवर, चंद्रप्रकाश नावाच्या माणसाचं गॅरेज होतं. त्र्याऐंशी साली मी तिथे गेलो, तेव्हा काशीराम नुकतेच लागले होते. त्याआधी ते परळच्या एका गिरणीत मालकांच्या गाड्या सांभाळत. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. पन्नाशीचा, काळा, किरकोळ माणूस. माझी गाडी बघून ते म्हणाले, "आमच्या शेटकडे हिची थोरली बहीण होती." मग टाकीचं झाकण काढलं, बोट आत घातलं, नाकाशी नेलं. "रॉकेल आहे थोडं. पेट्रोलपंप बदला, साहेब."

त्यांच्या नाकाची गॅरेजात ख्याती होती. ते गोवंडीला राहत, देवनारच्या कचऱ्याजवळ. कुणी त्यावरून चिडवलं की म्हणत, "अरे, तिकडं राहून ज्याचं नाक शाबूत, त्याच्याकडे गाडी द्यावी डोळे मिटून." पोरं हसायची. चंद्रप्रकाशसुद्धा हसायचा.

दर खंडेनवमीला गॅरेजात पाने-पकडींची पूजा व्हायची. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्याही येऊन उभ्या राहायच्या. झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, हे सगळीकडे असतंच. काशीराम आणखी एक करत. तेलात कालवलेला शेंदूर ते टाकीच्या झाकणावर लावत. गिरणीतल्या गाड्यांनाही लावायचे म्हणे. "बॉनेटला सगळेच लावतात. गाडी जेवते कुठून? इथून. मग मान इथला." माझ्या गाडीच्या झाकणावर असे तीन वर्षांचे शेंदूर बसले होते.

शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. उन्हात उभी करून परत येऊन बसलं की जास्त. नलिनी दुसऱ्याच रविवारी अर्ध्या वाटेत उतरली. "रेशनच्या दुकानात रॉकेलच्या पिंपावर बसल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "तुम्ही या गाडीतून. मी बसने जाते."

मी गाडी काशीरामांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून बराच वेळ हुंगलं, मागच्या सीटवर डोकं घालून हुंगलं आणि म्हणाले, "काही नाही, साहेब." मला वाटलं, माझाच भास असेल. माझं असं होतं. समोरचा ठामपणे बोलला की मला माझ्या नाकाबद्दलही शंका येते.

वास गेला नाही. पुन्हा गेलो तेव्हा काशीराम हळूच म्हणाले, "इथं गर्दीत नीट जमत नाही. रविवारी मी घरी येतो तुमच्या."

सुट्टीच्या दिवशी गोवंडीहून मुलुंडला हा माणूस माझ्यासाठी येतो, याचं मला अप्रूप वाटलं. येताना त्यांनी पुडीत रांगोळी आणली होती, साधी पांढरी. पेट्रोलच्या नळीच्या प्रत्येक सांध्यावर, पंपावर ते चिमटीने रांगोळी भुरभुरवत गेले. "जिथं गळत असेल तिथं ओली होईल, डाग पडेल," ते म्हणाले. आम्ही पायरीवर बसून वाट बघितली. रांगोळी पांढरीच राहिली. मग त्यांनी मला बोलावलं. "साहेब, जरा इथं नाक लावा. आता इथं. कुठं जास्त आहे?"

मला ते शिकवताहेत असं वाटलं. आयुष्यात कुणी मला असं जवळ घेऊन काही शिकवलं नव्हतं. मी मन लावून हुंगत होतो.

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी आम्ही डिकीशी होतो आणि नलिनी शेजारी गेली होती. आमचं घर तळमजल्यावर, स्वयंपाकघराची खिडकी गाडीपासून पाच-सहा हातांवर. एकाएकी मला करपल्याचा वास आला. दूध गॅसवरच राहिलं होतं. मी धावत आत गेलो, गॅस बंद केला. घरभर धूर. परत आलो तर काशीराम तसेच वाकून रांगोळी भुरभुरवत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दूध करपलं. केवढा वास सुटलाय. आला नाही तुम्हाला?"

त्यांनी पुडी मिटली. "सर्दी झालीय."

मी बरं म्हणालो. थोड्या वेळाने ते डिकीच्या कडेवर बसले. "चार वर्षं होत आली, साहेब. उतरतच नाही."

गिरणी सुटली त्या पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला होता. तो उतरला आणि त्याबरोबर वास गेला. गॅरेजात लागले तेव्हाच गेलेला होता. पहिल्या दिवशी माझ्या पेट्रोलमध्ये रॉकेल सांगितलं, ते बोटाला लागणाऱ्या तेलकटपणावरून. नाकाशी नेलं ते दाखवायला. "मिस्त्रीला वास येत नाही म्हटल्यावर कोण ठेवणार? या वयात परत दारोदार फिरायचं? शेटला सांगू नका. घरीपण ठाऊक नाही."

"छे छे, मी कशाला सांगेन," मी म्हणालो.

त्यानंतर काम भराभर झालं, कारण आता नाटक नव्हतं. मी हुंगायचो, ते हात घालायचे. डिकीच्या तळाला एक पत्र्याची चकती होती. तिच्याखाली टाकीचा वरचा भाग, पेट्रोल मोजायचा काटा जिथे बसतो ती जागा. मी म्हणालो, "इथे." त्यांनी कडेने रांगोळी टाकली. गाडी उन्हात ठेवली. अर्ध्या तासाने रांगोळीवर तपकिरी कड उमटली होती. त्यांनी बुचाची नवीन चकती कापून बसवली आणि माझ्याकडे बघून हसले. मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं, म्हणजे मोकळेपणाने.

पण आठ दिवसांत वास परत आला. या वेळी त्यांनी रांगोळी काढलीच नाही. टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्स असा आवाज झाला. त्यांनी झाकण पुन्हा लावलं, गाडी तासभर उन्हात ठेवली आणि कान जवळ नेऊन पुन्हा उघडलं. पुन्हा फुस्स.

"आत वाफ कोंडते," ते म्हणाले. "झाकणाला हवेचं भोक असतं. वहिनी, एक टाचणी द्या."

झाकणावर शेंदराचा जाड थर वाळून दगड झाला होता. त्याखाली ते भोक पार बुजलेलं. उन्हात टाकी तापली की वाफ जिथून वाट मिळेल तिथून बाहेर यायची. ते टाचणीने शेंदूर खरवडत बसले. नलिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे काशीराम, पूजा तुम्ही केली आणि बसने मी गेले."

"होय वहिनी," ते म्हणाले. "माझ्याच हातानं हिचा श्वास कोंडला."

तो वास कायमचा गेला.

आता जे झालं ते सांगतो. जूनमध्ये मी प्लग बदलायला गॅरेजात गेलो होतो. तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती, चहा आला होता. चंद्रप्रकाशने विचारलं, "साब, वो आपका बास का लफडा, मिटा की नाही?"

मी चारचौघांत कधी गोष्ट सांगत नाही. कुणी ऐकत नाही, आणि मला सांगताही येत नाही. त्या दिवशी आली. शेंदूर, टाचणी, नलिनीचं बसने जाणं, सगळं सांगितलं. लोक हसत होते. कुणी तरी माझ्याकडे खुर्ची वळवली. मी आणखी रंगात आलो. म्हणालो, "आमची जोडी जमली होती. मी हुंगायचो आणि काशीराम शोधायचे."

"आप क्यूँ?" चंद्रप्रकाश म्हणाला. "काशीराम का नाक छुट्टी पे था क्या?"

सगळे हसले. त्या वेळी मीही हसलो असतो, तर ते तिथेच संपलं असतं. मी हसलो नाही. मी गप्प बसलो, आणि माझा चेहरा उतरला असणार. चंद्रप्रकाश माझ्याकडे बघत राहिला. पलीकडे एका टेम्पोखालून काशीरामांचे पाय दिसत होते. खालची ठोकाठोक थांबली होती.

चंद्रप्रकाश वाईट माणूस नव्हता. त्याने त्याच दिवशी पेट्रोलमध्ये आणि पाण्यात बुडवलेली दोन फडकी काशीरामांसमोर धरली, असं मला नंतर कळलं. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा काशीराम फाटकाशी गाड्या धूत होते. चंद्रप्रकाश मला म्हणाला, "पेट्रोलचं काम आहे, साब. उद्या गळलं, याला समजलं नाही, बाजूला कुणी बिडी पेटवली, तर? बाकीच्यांची वाट लागेल." बरोबरच होतं त्याचं. काशीरामांनी मला हात वर करून नमस्कार केला, नेहमीसारखा. गणपतीला ते गावी गेले, ते परत गॅरेजात आलेच नाहीत. गोवंडीत रस्त्याकडेला सायकलींची पंक्चरं काढतात, असं कुणी तरी सांगितलं. मी भेटायला जाईन जाईन म्हणत राहिलो.

जानेवारीत ते छातीच्या दुखण्याने गेले. मला बाराव्याच्या आदल्या दिवशी कळलं. खोली शोधत गेलो. त्यांच्या बायकोला, रुक्मिणीबाईंना, मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन मुली होत्या. बाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि त्यांच्याबद्दल सांगत राहिल्या. "आधी जेवणात फार खोडी काढायचे. मासे कालचे की आजचे, सगळा कळायचा. मागच्या चार वर्सांत काय नाय. आमटी करपली तरी मुकाट जेवायचे. मी म्हणायची, म्हातारपणी स्वभाव बरा झाला."

मग त्यांनी विचारलं, "मुलुंडचा काम एकदम का सोडलान त्यांनी? तुम्ही तिकडे जायचास, तुमका ठाऊक आसा काय?"

मी म्हणालो, "नाही."

काशीरामांची माझी शेवटची भेट त्याआधीची, खंडेनवमीची. गॅरेज सुटलं होतं, तरी सकाळी ते हार घेऊन आमच्या दारात हजर झाले. मला वाटलं, आज बोलायचं. काय म्हणायचं ते मी केव्हाचं मनाशी जुळवून ठेवलं होतं. त्यांनी गाडी पुसली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेंदूर बॉनेटला लावला. नलिनीने चहा दिला. आम्ही पायरीवर बसून प्यायलो. ते उठले तेव्हा मीही उठलो.

"डिकीत नाक घालून बघा एकदा," ते म्हणाले.

मी बघितलं. "काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

"महिन्यातून एकदा टाचणी फिरवत जा झाकणात."

"फिरवीन." मग मी म्हणालो, "काशीराम, मला जरा..."

त्यांनी चपला घातल्या. "आज चहात काय घातलं होतं वहिनींनी?"

"गवती चहा."

"होय काय," ते म्हणाले. "गरम होता. बरा वाटला."