काळ्या रेषा

“स्टील नाय ना लागलं?” सिलिकॉनचा तुकडा हातात दिला की बाईंचा पहिला प्रश्न हा. रामराम वगैरे नंतर.

गोखिवऱ्याच्या आमच्या छोट्या कारखान्यात आम्ही निर्वात पेट्या बनवायचो. मग साहेबांनी अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक बनवायचं मनावर घेतलं आणि तो चालवायला बाई आल्या. पाचूबंदरच्या कोळी घरातल्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेत केस पिकवलेल्या. म्हणून सगळ्यांच्या बाई, साहेबांच्याही.

एखाद्याच वस्तूवर राग धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाईंचा राग स्टीलवर. त्यांच्या टेबलावर जेवणाचा डबा ठेवायची कोणाची टाप नव्हती. माझ्या लग्नात सगळ्यांनी स्टीलची भांडी दिली, बाईंनी पितळेची कळशी. “उगाच स्टीलपासून लांब राहायची सवय नको मोडायला,” म्हणाल्या.

आता हा सूक्ष्मदर्शक म्हणजे मुळात एक सुई. ती पृष्ठभागाला न टेकता इतकी जवळ जाते की मधल्या पोकळीतूनही थोडी वीज वाहते, आणि त्यावरून चित्र उमटतं. उंच ते उजळ, खोल ते काळं. बाई तापवलेल्या सिलिकॉनवर बिस्मथची वाफ सोडायच्या. त्या धातूच्या अणूंनी आपण होऊन रांगा धरायच्या आणि अणूंच्या सरळ तारा तयार व्हायच्या, असं निदान पुस्तकात होतं. “आपन नाय मांडायचे,” बाई मला सांगायच्या. “आपन फक्त जागा साफ ठेवायची.”

एका विद्यापीठाचे प्राध्यापक यंत्र बघायला येणार होते. तारा दिसल्या तर ते यंत्र घेणार, नाहीतर हा विभागच बंद, असं साहेबांनी साफ सांगितलं होतं. आदल्या दिवशी दुपारी पडद्यावर रेषा उमटल्या, अगदी सरळ. साहेबांनी पेढे मागवले. बाईंनी पेढा घेतला नाही.

“या काळ्या हायत,” त्या म्हणाल्या. “तार उंच दिसाया पायजे. हे तर चर हायत.”

“मग रंग उलटे करा ना बाई,” साहेब म्हणाले. “एक बटण तर दाबायचं.”

बाईंनी त्याच डबीतला दुसरा तुकडा घेतला, बिस्मथ न सोडता तपासला. रेषा तिथेही होत्या. स्टीलमधलं निकेल किंचित जरी लागलं, तरी सिलिकॉनवर असे चर पडतात.

डबी मी भरली होती. सिरॅमिकचा चिमटा सापडेना, म्हणून खिशातला स्टीलचा वापरला. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा बिनदिक्कत “नाही” म्हणालो होतो. आताही तो चिमटा मी खिशातच ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्राध्यापकांसमोर दोन्ही चित्रं ठेवली. “या तारा नायत. आमच्याकडून घान लागली.”

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. “कोणाकडून?” प्राध्यापकांनी विचारलं.

“टेबल माझं हाय,” बाई म्हणाल्या. “पंधरा दिवस द्या.”

शरमेनं माझी मान खाली गेली होती, तरी त्या क्षणी बाईंचा मला फार अभिमान वाटला. प्राध्यापकांनी पंधरा दिवस दिले. मी रोज तुकडे धूत राहिलो, बाई तपासत राहिल्या. बाराव्या दिवशी तारा आल्या. उजळ, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. “बघ, बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत घातल्यागत,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसूनच राहिल्या.

यंत्र विद्यापीठात गेलं. ते चालवायला प्राध्यापकांनी बाईंनाच मागून घेतलं. त्यांच्या टेबलावर आता आमचे डबे असतात, आणि ते बरं वाटत नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा शोधनिबंध टपालानं आला. वर पहिलं नाव बाईंचं. शेवटी बारीक अक्षरांत आभार होते, नमुने स्वच्छ ठेवल्याबद्दल. तिथे एकच नाव होतं, माझं.

मी तो घरी नेला. बायकोनं दोनदा नाव वाचलं, शेजारणीला हाक मारायला निघाली.

“थांब,” मी म्हणालो, “आधी बस इथं,” आणि तिला चिमट्याचं सांगितलं.